पालकांचीही शिकवणी

दहावीतल्या मुलाचे गणित कच्चे असेल तर घरात कोणाला त्याची लाज वाटत नाही. चांगला शिक्षक शोधला जातो, शुल्क भरले जाते, मुलाला नेण्या-आणण्याची पाळी वाटून घेतली जाते. परंतु तोच मुलगा तीन आठवडे शाळेचे नाव काढत नसेल, रात्र-रात्र जागा राहत असेल, ताटावरून अर्धपोटी उठत असेल, तर घरात उमटणारी पहिली वाक्ये बहुधा ठरलेली असतात. ‘नाटके करतो आहे’, ‘मोबाइल काढून घ्या म्हणजे ताळ्यावर येईल’, ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’. ही वाक्ये बोलणारी माणसे निष्ठुर नसतात. त्याच मुलासाठी ती स्वतःच्या गरजा बाजूला ठेवत आलेली असतात. अशा वेळी काय बोलावे आणि काय करावे, हे त्यांना कधी कोणी शिकवलेले नसते, इतकेच.

हे शिकवता येते का? गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या अनुभवाचे उत्तर स्पष्टपणे होकारार्थी आहे.

प्रश्नाचा आकार प्रथम पाहू. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. महानगरांत हे प्रमाण ग्रामीण भागाच्या जवळजवळ दुप्पट होते. या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु म्हणून आपण निश्चिंत राहावे असे मुळीच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यवार आकड्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. दुसऱ्या बाजूला, आपल्या देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. जे आहेत तेही बहुतांशी मोठ्या शहरांत. आठवड्यातून एकदा पाऊण तास तज्ज्ञासमोर बसणारा मुलगा उरलेला सगळा आठवडा घरीच असतो. तेव्हा घरातील माणसांना या कामात तयार करणे ही चैन नव्हे, साधा हिशेब आहे.

कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची कल्पना परदेशातून आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून घेतले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तेथे रुग्णासह राहायला बोलावले. आजाराविषयी त्यांच्याशी बोलणे होई, रुग्णाशी कसे वागावे हे त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसे. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, आणि घरी गेलेले नातेवाईक गावातील इतरांचे गैरसमज दूर करू लागले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही नातेवाइकाने रुग्णासोबत राहावे ही पद्धत पुढे रुजवली. साधनांची टंचाई हे त्यामागील एक कारण होते, हे खरे. पण टंचाईतून सुचलेली गोष्ट कमअस्सल असतेच असे नाही.

याच सुमारास लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना एक विचित्र गोष्ट आढळली. स्किझोफ्रेनियातून बरे होऊन घरी गेलेल्या रुग्णांपैकी आई-वडिलांकडे किंवा जोडीदाराकडे गेलेले रुग्ण, स्वतंत्र खोलीत राहायला गेलेल्या रुग्णांपेक्षा अधिक प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते. घर, आणि तेच अपायकारक? पुढे क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १९७६ मध्ये हा प्रश्न अधिक बारकाईने तपासला. अपाय घराने होत नव्हता. सतत टीका करणे, मनात अढी धरणे, आणि रुग्णाला तळहाताच्या फोडासारखे जपत त्याच्या प्रत्येक हालचालीत गुंतून पडणे, या तीन गोष्टी ज्या घरांत तीव्र होत्या तेथे आजार उलटण्याचे प्रमाण कितीतरी जास्त होते. तिसरी गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. रागावणे वाईट हे कोणीही सांगेल, परंतु अतिकाळजीनेही नुकसान होते हे आपल्याकडच्या आयांना पटणे कठीण जाते. पुढे चंडीगडला असाच अभ्यास झाला, तेव्हा तेथील कुटुंबांत या तीव्र भावनांचे प्रमाण लंडनच्या मानाने बरेच कमी आढळले. ही आपल्या कुटुंबव्यवस्थेची जमेची बाजू आहे. ती आजही तितकीच शिल्लक आहे का, हा मात्र प्रश्नच आहे.

येथे एक धोक्याचे वळण आहे. घरातल्या वागण्याचा आजाराशी संबंध आहे म्हटले की, आजार आई-वडिलांमुळेच झाला असा अर्थ काढला जातो. मानसशास्त्रानेही ही चूक केली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास स्किझोफ्रेनियाचा दोष आईच्या स्वभावावर ठेवला गेला आणि स्वमग्न मुलांच्या आयांना ‘थंड’ ठरवले गेले. अनेक निरपराध स्त्रियांनी तो कलंक जन्मभर वाहिला. ही मते आज टाकून दिली गेली आहेत. मधुमेह आईच्या स्वयंपाकामुळे झालेला नसतो, पण मधुमेही मुलाचा स्वयंपाक कसा करावा हे आईला शिकावेच लागते. मनाच्या आजारातही इतकाच फरक करायचा आहे. ही शिकवणी गुन्ह्याची शिक्षा नाही.

प्रत्यक्षात पालकांना शिकवतात तरी काय? चिंताविकाराचे उदाहरण घेऊ, कारण किशोरवयात तो फार आढळतो आणि घराच्या नकळत घरातच पोसला जातो. वर्गात उभे राहून उत्तर देण्याची ज्या मुलाला विलक्षण धास्ती वाटते, त्याच्या घरी काय घडते ते पाहावे. चाचणीच्या दिवशी आई शिक्षकांना ‘ताप आहे’ असा निरोप देते. पाहुणे आले की त्याचे ताट त्याच्या खोलीत जाते. त्याच्या वतीने दुकानदाराशी, डॉक्टरांशी, मित्राच्या आईशी वडील बोलतात. ‘काही होणार नाही ना?’ या त्याच्या प्रश्नाला दिवसातून वीस वेळा ‘नाही रे’ असे उत्तर दिले जाते. प्रत्येक सवलत मायेपोटी दिलेली असते आणि प्रत्येक सवलतीने त्या क्षणी खरोखरच आराम पडतो. थकलेल्या कर्जाचा हप्ता पुढे ढकलला की कर्जदाराला त्या महिन्यापुरते हायसे वाटते, तसेच हे. व्याज मात्र चढतच राहते. मुलगा प्रत्येक वेळी एकच धडा घेतो, की ही गोष्ट खरोखरच भयंकर आहे आणि ती आपल्याला झेपणारी नाही.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या चाइल्ड स्टडी सेंटरमध्ये एली लेबोविट्झ यांनी याच सवलतींवर नेमके बोट ठेवून पालकांसाठी एक अभ्यासक्रम घडवला. तो ‘स्पेस’ या नावाने ओळखला जातो. त्याचे वैशिष्ट्य असे, की उपचारक मुलाला भेटतच नाही. सारे काम पालकांबरोबर चालते. २०२०च्या त्यांच्या अभ्यासात चिंताविकार असलेली ७ ते १४ वयाची १२४ मुले होती. काही मुलांना प्रचलित बोधात्मक-वर्तन उपचार दिला गेला. उरलेल्या मुलांच्या केवळ पालकांना दर आठवड्याला एक अशी १२ सत्रे दिली गेली. दोन्ही गटांतील मुले सारख्याच प्रमाणात सुधारली. ज्यांनी उपचारकाचे तोंडही पाहिले नाही त्या मुलांचा यात समावेश होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. डॉक्टरांकडे येण्यास साफ नकार देणारा मुलगा ज्या घरात आहे, त्या घराला या निष्कर्षाने मोठाच धीर मिळावा.

या अभ्यासक्रमात पालक दोन गोष्टी शिकतात. पहिली म्हणजे बोलणे. त्यात दोन भाग हवेत : मुलाचा त्रास खरा आहे याची कबुली, आणि तो हा त्रास सोसू शकेल हा विश्वास. ‘तुला किती भीती वाटते आहे ते मला दिसते आहे, आणि तू हे पार पाडशील याची मला खात्री आहे.’ सोपे वाटते. पण घरोघरी यातले एकच अर्धे वाक्य बोलले जाते. आई पहिले बोलते आणि वडील दुसरे, आणि दोघे मग एकमेकांवर चिडतात. एकाच माणसाने दोन्ही अर्धी वाक्ये एका दमात बोलणे, हीच खरी शिकवणी. त्यासाठी सत्रात बसून ते मोठ्याने पुनःपुन्हा म्हणून पाहावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे सवलत काढून घेणे. सगळ्या एकदम नव्हे. पालकांनी आठवडाभर वही घेऊन आपण दिवसभरात मुलाच्या भीतीपायी काय काय करतो ते लिहायचे. बहुतेकांना ही यादी पाहूनच धक्का बसतो. त्यातली एकच निवडायची आणि ती कधीपासून, किती कमी करणार हे मुलाला आधी सांगायचे. शक्यतो लिहून सांगायचे, शांत वेळी सांगायचे, आणि सांगून झाल्यावर वादात न पडता उठायचे. लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की यात मुलाला काहीही करायला सांगितलेले नसते. ‘तू शाळेत जा’ असे म्हटलेले नसते. ‘सोमवारपासून मी शिक्षकांना खोटा निरोप देणार नाही’ एवढेच म्हटलेले असते. पालकाच्या हाती त्याचे स्वतःचेच वागणे असते.

आणि मग वादळ येते. रडणे, ओरडणे, दार आपटणे, ‘तुमचे माझ्यावर प्रेमच नाही’ हे सर्व येते, आणि काही दिवस पूर्वीपेक्षा वाढते. येथेच बहुतेक पालक माघार घेतात. म्हणून अभ्यासक्रमात आप्तांची मदत आधीच मागून ठेवायला सांगतात. मामाने फोन करावा, आत्याने संध्याकाळी येऊन बसावे, आजोबांनी ‘तुला अवघड जाते आहे हे ऐकले, आम्ही सगळे तुझ्याबरोबर आहोत’ असे दोन शब्द बोलावे. उपदेश मात्र करू नये. अमेरिकेत अशी माणसे शोधून काढावी लागतात. आपल्याकडे ती मागल्या गल्लीत असतात, पण ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने त्यांच्यापासूनच आजार लपवला जातो. लग्नाच्या बोलणीत पुढे अडचण येईल म्हणून सोळा वर्षांच्या मुलीचे दुखणे सख्ख्या मावशीलाही न सांगणारी घरे काही थोडी नाहीत.

मूल जितके मोठे तितकी ही पद्धत नाजूकपणे वापरावी लागते. सोळाव्या वर्षीच्या मुलाला सात वर्षांच्या मुलासारखे आदेश ऐकवून चालत नाही. शिवाय ती चिंताविकारासाठी आहे. गंभीर नैराश्यात किंवा भ्रम-भास होत असताना ती पुस्तकात वाचून घरी लावू पाहणे धोक्याचे ठरेल.

स्वतःला इजा करणाऱ्या किशोरवयीनांसाठी वेगळी वाट आहे. मार्शा लिनेहान यांची उपचारपद्धती न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅलेक मिलर आणि जिल रॅथस यांनी किशोरवयासाठी बेतली. तिच्यात मुले आणि पालक एकाच वर्गात, इतर कुटुंबांसोबत बसून शिकतात. नॉर्वेमध्ये ओस्लो येथे वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या ७७ मुलामुलींवर १९ आठवड्यांचा असा उपचार तपासला गेला आणि नेहमीच्या उपचारापेक्षा इजेचे प्रसंग त्यात अधिक कमी झाले. त्याचे अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक कुटुंबे एकत्र बसण्याचा एक अनपेक्षित फायदा असतो. आपल्या मुलीने शंभर वेळा सांगूनही जे कानात शिरले नाही, तेच दुसऱ्याच्या मुलीने सांगितले की वडील थबकून ऐकतात.

या वर्गातला सर्वांत महत्त्वाचा पाठ म्हणजे भावनेला मान्यता देणे. मैत्रिणींनी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून काढले म्हणून मुलगी रडते आहे. आईचे सहज उत्तर असते : ‘सोड ना, त्यात काय एवढे! दुसऱ्या मैत्रिणी मिळतील.’ आईला तिला हलके करायचे असते. मुलीला ऐकू येते ते हे, की तुझे दुःख क्षुल्लक आहे. शिकलेली आई म्हणते, ‘सगळ्यांदेखत काढले म्हटल्यावर वाईट वाटणारच गं. दिवसभर एकटीनेच सोसलेस?’ आणि थांबते. तोडगा सुचवत नाही, स्वतःच्या शाळेची गोष्ट सांगत नाही. हे थांबणे शिकायला सर्वांत जास्त वेळ लागतो. मान्यता भावनेला असते, वागण्याला नव्हे. रागावलेल्या मुलाला ‘तुझा राग समजतो’ असे सांगून ‘पण बहिणीवर हात उचललेला चालणार नाही’ असेही त्याच स्वरात सांगता येते.

आत्महत्येविषयी विचारावे की नाही, यावर पालक फार अडखळतात. विचारले तर डोक्यात नसलेला विचार शिरेल, ही भीती सार्वत्रिक आहे आणि ती निराधार आहे. २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि अँथनी जोर्म यांनी सामान्य नागरिकांसाठी मानसिक प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम सुरू केला. तो पुढे अनेक देशांत पसरला. तेथे हा प्रश्न सरळ शब्दांत विचारायला शिकवतात : ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने बहुधा मुलाला सुटकाच वाटते. उत्तर होकारार्थी आले तर रागावू नये, शपथा घालू नयेत, मुलाला एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरातील औषधांचा साठा कुलपात जावा. शेती असलेल्या घरांत कीटकनाशकांचे डबे घराबाहेर कुलूपबंद असावेत. अशी ऊर्मी अनेकदा थोड्याच वेळाची असते, आणि त्या वेळात साधन हाती लागले नाही तर जीव वाचतो. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र अशा वेळी कधीही देऊ नये.

एक आजार असा आहे, की ज्यात पालकांवर उपचाराची जवळजवळ सगळी धुरा येते. वजन वाढण्याच्या अतोनात भीतीने अन्न सोडत जाणे, म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील १९८७च्या अभ्यासात, अठराव्या वर्षाच्या आत आजार सुरू झालेल्या आणि त्याला तीन वर्षे पूर्ण न झालेल्या मुलामुलींना एकट्याने घेतलेल्या उपचारापेक्षा कुटुंबासह केलेल्या उपचाराचा जास्त लाभ झाला. येथे काही काळ ताटाचा ताबा पालकांकडे जातो. काय आणि किती खायचे हे ते ठरवतात, आणि जेवण संपेपर्यंत न रागावता, न विनवता शेजारी बसतात. आपल्या समाजात या आजाराबाबत विशेष सावधपणा हवा, कारण एकाशन, आयंबिल, उपवास यांच्या आड तो सहज लपतो आणि वर कौतुकही मिळवतो. व्रत पारण्याने संपते. आजार संपत नाही. पर्युषण उलटून गेल्यावरही मुलगी घास मोजत असेल, आरशासमोर अंग चाचपत असेल, दार लावून तासन्‌तास व्यायाम करत असेल, तिची पाळी थांबली असेल, तर ती तपश्चर्या नव्हे. तेथे डॉक्टरांची गरज आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तिच्या निग्रहाची वाखाणणी त्याच क्षणी थांबवावी.

पालकांसाठीच्या कार्यक्रमांत खुर्च्यांवर बहुतेक वेळी आया दिसतात. वडिलांना दुकान असते, मार्चअखेर असते, ऑडिट असते. पण एकट्या आईने शिकून आलेली गोष्ट घरी टिकत नाही. एकाने काढून घेतलेली सवलत दुसऱ्याने मागल्या दाराने दिली, की सारे मुसळ केरात. आणि आईच जर नैराश्यात असेल तर तिचा उपचार आधी व्हावा. मर्ना वाइसमन यांच्या २००६च्या अमेरिकी अभ्यासात १५१ आई-मुलांच्या जोड्या होत्या. ज्या आयांचे नैराश्य तीन महिन्यांत हटले त्यांच्या मुलांचे त्रासही कमी झाले. ज्यांचे हटले नाही त्यांच्या मुलांचे वाढले. स्वतःच्या औषधाचा खर्च मुलाच्या शिकवणीपुढे दुय्यम मानणाऱ्या आयांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

कायद्याची बाजूही पालकांना माहीत हवी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली मंजूर झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. अठरा वर्षांखालील मुलाला रुग्णालयात दाखल करावे लागले तर त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे, आणि पालकाने किंवा नेमलेल्या व्यक्तीने त्याच्यासोबत राहावे, अशी तरतूद त्यात आहे. अमृतसरच्या तंबूंत जे घडत होते ते अल्पवयीनांपुरते आता कायद्यात आले, असे म्हणायला हरकत नाही. याच कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण द्यावयाचे आहे. परंतु आरोग्यविमा बहुधा रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चापुरता असतो. समुपदेशनाचे आणि बाह्यरुग्ण तपासणीचे शुल्क त्यात येते की नाही, हे पॉलिसीच्या कागदातच पाहावे. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

शिकवणी मिळते कोठे, हा शेवटचा व्यावहारिक प्रश्न. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेसारख्या काही संस्था महाराष्ट्रात मनाच्या आरोग्याचे शिक्षण मराठीतून देतात. १० ते १९ वयोगटासाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिके आहेत. जेथे जवळ काहीच नाही, तेथे टेली-मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठीतही. मुलगा बोलायला तयार नसेल तरी आईला किंवा वडिलांना स्वतः हा क्रमांक फिरवून ‘आम्ही घरी कसे वागावे?’ एवढाच प्रश्न विचारता येतो.